सहा टन उसाचा ऐषाराम



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत आणि पाणी यांवर लिहितो. या खेपेला विषय जरा वेगळा आहे. उसाचे बिल हाती आले की पुष्कळ घरांतून 'यंदा कुठं तरी चांगल्या ठिकाणी जाऊन येऊ' अशी भाषा सुरू होते. त्यात आता वाईट काही राहिलेले नाही. नोकरदाराला प्रवासाची सवलत मिळते, रजा मिळते. कास्तकाराला रजा देणारा कोणीच नाही, ती त्याची त्यानेच घ्यायची असते. पण ठिकाण कसे निवडावे, कधी जावे आणि पैसा किती घालावा याचा विचार आपल्याकडे होत नाही. होतो तो असा, की शेजारचा महाबळेश्वरला गेला म्हणून आपण गोव्याला जायचे.

आधी ऐषाराम म्हणजे काय ते ठरवू. १९७५ पासून आपल्या राज्याचे पर्यटन महामंडळ आहे. डेक्कन ओडिसी नावाची राजेशाही आगगाडी २००४ साली सुरू झाली, तिचे तिकीट माणशी लाखांच्या घरात जाते. आपली दारव्ह्याची गाडी म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला. १९९४ पर्यंत ती वाफेवर चालली आणि आता तीही रुळावर नाही. (मोतीबाग स्टेशनवर तिची वाट पाहिलेली माणसे अजून गावात आहेत, त्यांना विचारा गाडीचा ऐषाराम कशाला म्हणतात ते.) तेव्हा ती गोष्ट सोडून द्यावी. आमच्या मते शेतकऱ्याच्या घरात ऐषारामाची कसोटी एकच आहे. घरच्या बाईला सकाळचा चहा आयता हातात मिळाला की नाही?

हे आम्ही गमतीने लिहीत नाही. आपल्याकडची सहल कशी निघते ते आठवून पाहा. भाड्याच्या जीपमध्ये बारा माणसे, टपावर गॅसची शेगडी, पीठ, तेल, मिरच्या, चटणी. आठ दिवसांत सात गावे. पुरुषमंडळी देवदर्शन करून पान खात उभी राहतात आणि बायका धर्मशाळेच्या ओट्यावर चाळीस-पन्नास पोळ्या लाटतात. परत आल्यावर आठ दिवस अंग दुखते ते तिचे. वर आपण म्हणतो, 'बायको-पोरायले तिरुपती दाखवून आणलं.' निंदणीपासून कापूस वेचणीपर्यंत वर्षभर जी वाकलेली असते, तिला सहलीतही चूल सुटत नसेल तर तो खर्च कोणासाठी केला? देवाला जाण्यास आमचा विरोध नाही, माहूरला आणि शेगावला आम्हीही जातो. शेगावच्या भक्तनिवासात तर थोडक्या पैशात स्वच्छ खोली मिळते. मोठ्या भाड्याशिवाय नीटनेटके राहता येते हे शिकायला तेवढे उदाहरण पुरे आहे. पण देवदर्शन वेगळे आणि विसावा वेगळा. एका खर्चात दोन्ही उरकायला गेले की एकही धड होत नाही.

म्हणून पहिली सूचना अशी की ठिकाण एकच धरावे आणि तिथे तीन रात्री राहावे. सात गावांच्या डिझेलचा पैसा एका चांगल्या खोलीत घालावा. दुसरी सूचना, शेगडी घरी ठेवावी.

आता ठिकाण. दारव्ह्याहून महाबळेश्वर गाठायचे तर जाण्यायेण्यात दोन दिवस आणि मोठा पैसा रस्त्यावरच जातो. गोवा त्याहून लांब. या ठिकाणांच्या भाड्यात निम्मे भाडे नावाचे असते असे आमचे मत आहे. आपल्या अंगणात चिखलदरा आहे. नेर, अमरावती, परतवाडा असा रस्ता, सकाळी निघालेला माणूस दुपारी वर पोचतो. विदर्भातले हे एकमेव थंड हवेचे ठिकाण, समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या वर. कीचकाला मारून भीमाने दरीत टाकले तो हा कीचकदरा, अशी कथा सांगतात. तिथे कॉफीचे मळे आहेत. आमच्यासारख्या शेतीवाल्या माणसाला पॉइंटापेक्षा तेच पाहण्यात जास्त गोडी वाटते. सावलीत, उतारावर, निचऱ्याच्या जमिनीत ते झाड कसे वाढते हे सभासदांनी मुद्दाम पाहावे. जवळच गाविलगड आहे. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी हा किल्ला मराठ्यांकडून घेतला. शाळेतल्या पोरांना तो पायी फिरवून आणावा. खाली मेळघाटचे जंगल पसरले आहे. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत ते होते. वाघ दिसेलच असे धरू नये. ज्यांना वाघच पाहायचा आहे त्यांना ताडोबा आहे आणि आपल्याच जिल्ह्यात टिपेश्वर आहे. मात्र ताडोब्याचा गाभा पावसाळ्यात बंद असतो आणि एरवीही मंगळवारी आत सोडत नाहीत, हे पाहून तारीख धरावी. नाही तर फाटकावरून परत यावे लागते.

कधी जावे, हा आमच्या खात्याचा प्रश्न आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. पुष्कळ सभासदांची सवय अशी की ऊस तुटला, गाडी गेली, की दुसऱ्या दिवशी गावाला. आमचे स्पष्ट सांगणे आहे की याइतकी महागाची सहल दुसरी नाही. ज्यांना खोडवा ठेवायचा आहे त्यांच्यासाठी तोडणीनंतरचे पंधरा दिवस हेच खरे कामाचे दिवस. पाचट न जाळता सरीत दाबणे, बुडखे जमिनीलगत छाटणे, नांग्या भरणे, पहारीने खताचा पहिला हप्ता देणे, ही कामे तेव्हाच व्हावी लागतात. धनी तिकडे फोटो काढीत असतो आणि इकडे सालगडी पाचटाला काडी लावून मोकळा होतो. मग पुढल्या वर्षी एकरी दहा टन कमी पडले की कारखान्याच्या काट्यावर संशय!

मग मोकळा वेळ कोणता? आपल्या भागात उसाबरोबर कापूस, सोयाबीन आणि तूर आहे. पोळा झाला, निंदण-डवरणी आटोपली, महालक्ष्म्यांचे जेवण झाले, की सोयाबीन सोंगणीला येईपर्यंत आठ-दहा दिवसांची फट सापडते. चिखलदरा त्या दिवसांत हिरवागार असतो, धबधबे चालू असतात. 'साहेब, पित्तरपाटात कोठं हिंडाले जाता काय?' असे आम्हाला एका सभासदाने विचारले होते. पितरांचे पान घरी वाढून मग जावे, त्यांची हरकत असण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. शनिवार-रविवार मात्र टाळावा. त्या दोन दिवशी अमरावती-नागपूरची नोकरदार मंडळी वर चढतात, घाटात गाड्यांची रांग लागते आणि भाव चढतात. सोमवार ते गुरुवार आपल्याला कोण अडवतो? नोकरदाराला हे जमत नाही, आपल्याला जमते. ही आपली एकमेव सवलत आहे, ती वापरावी. धुक्यात घाट रात्री चढू नये.

आता पैसा. आम्ही खर्च रुपयांत न मोजता टनात मोजतो, म्हणजे हात आपोआप आखडतो. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी एफआरपी टनाला ३,५५० रुपये होती. सहा टनांचे २१,३०० झाले. तोडणी-वाहतूक वजा जाता हाती सोळा हजारांच्या आसपास राहतात असे धरा. अंतराप्रमाणे कमी-जास्त होईल. चार माणसांचे कुटुंब, रोजची अडीच हजारांची खोली, तीन रात्री, म्हणजे साडेसात हजार. वर कर. सप्टेंबर २०२५ पासून रोज साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे. तेव्हा सांगितलेल्या भाड्यात कर धरला आहे की नाही, हे आधीच विचारून घ्यावे. जेवणाखाणाला चार दिवस बाराशे धरा. बाकी तीन हजारांच्या वर राहतात, ते एसटीला आणि तिथे एक दिवस जीप करायला. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांना २०२२ पासून तिकीटच नाही, तेव्हा आजीला घरी ठेवण्याचे कारण उरले नाही. एकरी पस्तीस-चाळीस टन काढणाऱ्या सभासदाचा हा सहा-सात गुंठ्यांचा ऊस झाला. याहून जास्त घालू नये. आणि सोसायटीचे कर्ज वळते झाल्याशिवाय, नुसत्या पहिल्या हप्त्याच्या भरवशावर तर मुळीच निघू नये. व्याजाने पैसे काढून सहलीला गेलेला माणूस तिथे खिडकीत बसून हप्तेच मोजतो.

अलीकडे आणखी एक प्रकार गावोगाव येऊ लागला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी जेवायला बोलावतात, चित्रपट दाखवतात आणि पंचवीस वर्षांच्या सहलींचे सभासदत्व गळ्यात घालतात. आरंभी लाखांत रक्कम, शिवाय दरवर्षी देखभालीची वर्गणी, तुम्ही जा वा न जा. 'सभासद' हा शब्द ऐकून आपला माणूस फसतो. आपल्या कारखान्याचा भाग घेतला की वार्षिक सभेत हात वर करता येतो, अध्यक्षाला जाब विचारता येतो. तिथे कोणती सभा आणि कोणाला जाब? आपल्याला हव्या त्या तारखेला खोली मिळेलच याची लेखी हमी मागून पाहावी, म्हणजे बोलणाऱ्याचा सूर बदलतो. त्याच दिवशी सही करा असा आग्रह झाला तर जेवण करून उठावे. जेवणाला हरकत नाही.

खोली ठरवताना छायाचित्रावर जाऊ नये. फोनवर चार गोष्टी विचाराव्यात : चोवीस तास पाणी आहे का, गरम पाणी किती वाजता येते, संडास खोलीतच आहे का, आणि सकाळचा चहा खोलीत आणून देतात का. शक्यतो हा फोन घरच्या बाईने करावा. तिला हे प्रश्न आपल्यापेक्षा नेमके विचारता येतात, आणि 'चहा खाली येऊन घ्यावा लागेल' असे उत्तर आले तर दुसरे ठिकाण पाहायचे की नाही, तेही तिनेच ठरवावे.