शिकाऊ उमेदवारी तुळशीपाशी

फुलांचे अगदी जवळून फोटो काढायला शिकायला कासच्या पठारावर कशाला हो जायला हवं? पण नाही! शनिवारी मॅक्रो लेन्स घेतली की रविवारी कास! तिथं नखाएवढ्या एका ‘सीतेच्या आसवा’साठी पोटावर आडवं व्हायचं आणि पोटाखाली पन्नास चिरडायची. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशात गेलं. वारसा म्हणजे लोळायची सतरंजी, असा काहींचा समज झालेला दिसतो.

मॅक्रोचा हिशेब एकास एक. फूल जेवढं, तेवढीच सेन्सरवर त्याची प्रतिमा. आमच्या बँकेच्या भाषेत अ‍ॅट पार. पण स्पष्टपणाची शिल्लक जेमतेम एक-दोन मिलिमीटर! श्वास घेतला की कॅमेरा सरकतो. पाकळी पुसट, देठ लख्ख. भिंगाचं छिद्र बारीक करावं तर उजेड अपुरा. शटर मंद ठेवावं तर वारा फूल डोलवतो. हे शंभरदा चुकल्याशिवाय येत नाही. मग चुकायला बाल्कनीतली तुळशीची मंजिरी काय वाईट? तिच्यासाठी रजाही टाकावी लागत नाही.

सोसायटीतल्या एका गृहस्थांना हे सुचवलं. म्हणाले, “तुळशीचा फोटो बघतो कोण?”

“आणि पोटाखाली गेलेल्यांचा?” मी विचारलं.

तेव्हापासून लिफ्टमध्ये ते भिंतीकडे तोंड करून उभे राहतात.