टेबल मिळेल, पण अटी कोणाच्या?

वांद्र्याला पापाज नावाचं एक रेस्टॉरंट आहे. २०२४ साली सुरू झालं. आत मोजून १२ खुर्च्या. बुकिंग खुलं झालं की काही मिनिटांत भरून जातं अशी त्याची ख्याती. महालक्ष्मीला शक्ती मिल लेनमध्ये, जुन्या लोकरीच्या गिरणीच्या आवारात, २०१६ पासून मास्क आहे. तिथेही मनात आलं आणि जाऊन बसलं, असं होत नाही. शहरातल्या एका वर्गात आता जेवण कसं होतं हे नंतर विचारतात, आधी विचारतात, ‘टेबल मिळालं कसं?’

आपल्यातल्या शिकलेल्या, चांगल्या नोकरीला लागलेल्या मुलामुलींच्या स्टेटसवरही अशा टेबलांचे फोटो दिसू लागलेत. त्याखाली आपलीच माणसं दोन बाजूंनी भांडतात. एक बाजू म्हणते, ‘बघा, खिशात पैसा असला की जात कोणी विचारत नाही.’ दुसरी म्हणते, ‘याचसाठी बाबासाहेबांनी शिकवलं का? हे श्रीमंतांचे चोचले. आपला काय संबंध?’

माझ्या मते दोन्ही बाजू चुकतात. का, ते क्रमाने सांगते.

आधी दुसऱ्या बाजूचं बघू. हॉटेलातली खुर्ची हा चोचल्याचा विषय असता, तर तो संविधानाच्या मूलभूत हक्कांत आलाच नसता. कलम १५ चा दुसरा खंड उघडून वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा इथे मज्जाव करता येणार नाही. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते त्यानंतरच्या उपखंडात येतात. उपाहारगृह आधी येतं. ज्या देशात ‘ब्राह्मणांचे हॉटेल’ अशी पाटी लावणं हा चांगल्या धंद्याचा पुरावा मानला जायचा आणि आपल्या माणसाला चहा बाहेर, वेगळ्या कपात, वरून ओतून मिळायचा, त्या देशात हे कलम लिहावं लागलं.

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. २००६ साली घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांचा ग्रामीण भारतातल्या अस्पृश्यतेवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ११ राज्यांतली ५६५ गावं त्यात पाहिली होती. चहाच्या टपरीवरची वेगळी बैठक आणि वेगळे कप त्यांना तेव्हाही सापडले. संविधान लागू होऊन ५० वर्षं उलटून गेली होती.

महाड आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर लोक गेले ते तहान लागली म्हणून नव्हे. ते पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, आपणही माणसं आहोत हे ठरवायला आपण जातो आहोत, असा बाबासाहेबांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या दिवसाचा पुढचा भाग मात्र आपण कमी सांगतो. पाणी पिऊन लोक मंडपात परतले. आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा गावात उठली. जमाव मंडपावर चालून आला. आत काही जण जेवत होते. त्यांना मारलं, अन्न मातीत मिसळलं. पाण्याचा सत्याग्रह आणि जेवणाच्या पंगतीवरचा हल्ला एकाच दिवसाचे आहेत. तेव्हा ‘कुठे बसून जेवायचं हा काय प्रश्न आहे का’ असं निदान आपण तरी म्हणू नये.

आता पहिली बाजू. पैसा असला की जात विचारत नाहीत. यात अर्धं खरं आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करू. शहराने आपल्याला अनोळखीपणा दिला. गाव सोडा, शहरात जा, हे बाबासाहेब सांगत होते त्याचं हेही एक कारण. इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलाशी बसून बनमस्का खाणाऱ्याला कोणी आडनाव विचारत नव्हतं. मी वर नावं घेतली ती रेस्टॉरंटं जात विचारतात असा माझा अजिबात आरोप नाही. तिथे जात विचारावीच लागत नाही, हा माझा मुद्दा आहे.

यासाठी २९ नोव्हेंबर १९४८ ची संविधान सभेतली चर्चा बघा. आजचं कलम १५ तेव्हा मसुद्यातलं कलम ९ होतं. ‘दुकान’ या शब्दात काय काय येतं, धोबी येतो का, न्हावी येतो का, असं सभासदांनी विचारलं. बाबासाहेबांनी शब्दाचा अर्थ रुंद करून सांगितला. दुकान म्हणजे नुसता आत जाण्याचा हक्क नव्हे. जो कोणी आपली सेवा लोकांसाठी खुली ठेवतो तो यात आला, आणि सेवेच्या अटी मान्य असतील तर ती सेवा मागता येते.

‘अटी मान्य असतील तर.’ दार उघडायला लावणारी व्यवस्था आपण मिळवली. अटी लिहिण्याचा अधिकार मात्र मालकाच्या हातात राहिला. १९४८ मध्ये अट म्हणजे चहाचे पैसे. आज अटींची यादी बघा. महिनाभर आधी ठरलेल्या वेळी फोन हातात धरून बसा. आगाऊ पैसे भरा, क्रेडिट कार्ड द्या. आला नाहीत तर पैसे गेले. ठरावीक पदार्थांचं ठरलेलं जेवण, त्याची ठरलेली किंमत. यादीतला एकही मुद्दा कलम १५ चा भंग करत नाही. ते कलम जात, धर्म, वंश, लिंग, जन्मस्थान ओळखतं. किंमत ओळखत नाही, इंग्रजी ओळखत नाही, क्रेडिट कार्ड ओळखत नाही.

पण पैसा आकाशातून पडत नाही. जमीन कोणाकडे होती, शिक्षण कोणाला तीन पिढ्या आधी मिळालं, गिरणीत कोणत्या खात्यात कोणाला घेतलं, यातून तो साठतो. मुंबईच्या गिरण्यांत चांगल्या मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या थुंकीचा विटाळ होत असे. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. तेव्हाच्या कामगार पुढाऱ्यांना तो गैरसोयीचा वाटला. त्या गिरण्या बंद पडल्या. त्यांच्या जमिनींवर टॉवर, ऑफिसं आणि रेस्टॉरंटं आली. जिथे आपल्या आज्याला विणकाम खात्याचं दार बंद होतं, तिथे नातवाला ‘दार सगळ्यांना खुलं आहे, फक्त दर परवडला पाहिजे’ असं सांगणं हा इतिहास पुसण्याचा प्रकार आहे.

पैशाशिवाय आणखी एक अट असते, ती कुठेच लिहिलेली नसते. समाजशास्त्रात पिएर बोर्द्यू या फ्रेंच अभ्यासकाने तिला सांस्कृतिक भांडवल म्हटलं. कुठला काटा कधी उचलायचा, वेटरशी किती हसायचं, मेन्यूतला शब्द कसा उच्चारायचा. हे ज्याला घरात मिळालं त्याला ते निसर्गदत्त वाटतं. ज्याला नाही मिळालं तो पैसे भरूनही खुर्चीच्या कडेवर बसतो. आणि ज्याच्या ओळखी आहेत तो लिंक न उघडताही टेबल मिळवतो. बुकिंग बंद झाल्यावर कोणाच्या फोनने ते उघडतं, हे शहरातल्या कुठल्याही हॉटेलात काम करणाऱ्याला विचारा.

आता ताटात काय असतं ते बघू. ‘विसरलेली’ धान्यं, ‘रानातून वेचलेल्या’ भाज्या, ‘मुळांशी नातं’ अशी भाषा आज बड्या स्वयंपाकघरांची फॅशन आहे. विसरलं कोण? आमच्या कर्जत तालुक्यातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर पावसाळ्यात शेवळी, टाकळा, भारंगी, कुर्डू, कंटोळी कोणी विसरलेली नाही. बायका पहाटे टोपल्या डोक्यावर घेऊन नेरळ, कर्जतला लोकल पकडतात आणि शहरात फुटपाथवर बसून वाटे लावतात. वाट्याला दहा-वीस रुपये कमी करा म्हणून हुज्जत होते. तीच भाजी मोठ्या पांढऱ्या बशीत तीन पानांनिशी आली की ती ‘शोध’ ठरते. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाची नोंद केली ती २०१५ साली. चान्या, वजडी, रक्ती यांना ताटात नाव मिळायला पुस्तक लिहावं लागलं. आणि त्याच २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आली, गरिबाचं स्वस्त मांस गुन्ह्याच्या यादीत गेलं. नळीतला मगज आणि काळीज मोठ्या हॉटेलात चवीने खाल्लं जातं. त्याच वासासाठी आपल्याला भाड्याने घर नाकारलं जातं.

मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शुद्ध शाकाहारी ग्राहकांसाठी वेगळी, हिरव्या कपड्यांतली पोरं पाठवण्याची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी वेगळ्या रंगाचा गणवेश मागे घ्यावा लागला, कारण लोक बोलले. लाल कपड्यातल्या पोराला सोसायटीच्या गेटवर अडवतील, ही भीती खोटी नव्हती. ‘शुद्ध’ हा शब्द कुठून येतो हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

मी हे पोशीरमधून लिहिते आहे, म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. पोशीर नदीवर धरण होणार आहे. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली. खर्च सहा हजार कोटींहून जास्त, साठा सुमारे १२ टीएमसी, आणि पाणी मुख्यतः मुंबई महानगर प्रदेशासाठी. शहराला पाणी लागतं, हे मी नाकारत नाही. तिथल्या झोपडपट्टीतही आपलीच माणसं हंडा घेऊन उभी असतात. पण जमीन, नदी इथली आणि ग्लास तिथला, तर त्याच्या अटी इथल्या माणसाशी बसून ठरल्या पाहिजेत. ज्या वाडीत उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिला त्यातलं किती पाणी? ज्याच्या नावावर सातबारा नाही पण तीन पिढ्या जमीन कसतो, त्याचं पुनर्वसन कोण मोजणार? महाडच्या खटल्यात सवर्णांचं म्हणणं होतं की तळं खासगी आहे. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. आता कोणी ‘खासगी’ म्हणत नाही, ‘विकास’ म्हणतात. न विचारता अटी ठरवायची रीत तीच आहे.

मग करायचं काय? बहिष्कार टाका असं मी म्हणणार नाही. ज्याला परवडतं त्याने खुशाल जावं, मान ताठ ठेवून बसावं. पण त्याला मुक्ती म्हणू नये. नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिनिर्मूलना’त सांगितलं. आपला एक जण १२ खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर बसला म्हणजे ताटं विसळणारे हात बदलले असं होत नाही.

माझं म्हणणं चार गोष्टींचं आहे.

पहिली, कायदा पाठ करा. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५, कलम ४. हॉटेलात प्रवेश नाकारणं आणि तिथली भांडी वापरू न देणं, दोन्ही गुन्हे आहेत. शिक्षा एक ते सहा महिने कैद, आणि दंड? १०० ते ५०० रुपये. बड्या हॉटेलातल्या एका बशीची किंमत त्याहून जास्त असते. हा दंड वाढवा, ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनांत का नसते?

दुसरी, स्वयंपाकघरातल्या माणसाकडे बघा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या जागांना बहुतेक तरतुदींतून मोकळं सोडलं. भांडी घासणारा, टेबल पुसणारा, रात्री एकच्या पुढे घरी जायला गाडी नसलेला पोरगा अनेकदा आपल्याच वस्तीतला असतो. त्याची नोंद, सुट्टी, पगार हा आपल्या चळवळीचा विषय झाला पाहिजे.

तिसरी, रानभाजी विकणाऱ्या बायकांचे गट उभे करा. भाजी ज्या वाडीतून जाते त्या वाडीचं नाव आणि दर ठरवण्याचा हक्क तिच्यासोबत गेला पाहिजे.

चौथी, सरकारी टेबल वाचवा. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. तिथे बुकिंग नाही, आगाऊ पैसे नाहीत, उच्चाराची परीक्षा नाही. राज्यातलं सगळ्यांना परवडणारं टेबल ते आहे. ते वाढवायचं की हळूहळू गुंडाळायचं, यावर आपण गप्प बसलो तर पुढे तक्रार करायला तोंड उरणार नाही.

लक्षात ठेवा, महाडला आपण कोणाकडे टेबल मागायला गेलो नव्हतो. तळं सार्वजनिक आहे हे सांगायला गेलो होतो. आजही नेमकं तेच सांगायचं आहे. दार उघडलं, ठीक. आता अटींचा कागद टेबलावर ठेवा आणि तो लिहिताना आम्हाला शेजारी खुर्ची द्या.

जय भीम!