गोधडीचा जमाखर्च

डिसेंबर उजाडला की वृत्तपत्रांतील तापमानाच्या चौकटीत परभणीचे नाव झळकू लागते. 29 डिसेंबर 2018 च्या पहाटे येथील कृषी विद्यापीठात पारा 2 अंशांपर्यंत उतरल्याची नोंद झाली होती. पुण्या-मुंबईचे आप्त आश्चर्याने विचारतात, "मराठवाडा म्हणजे उन्हाचा मुलूख, तुमच्याकडे एवढी थंडी कशी?" निरभ्र आकाश, कोरडी हवा आणि उत्तरेकडून येणारे वारे हे तिचे कारण. दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता झपाट्याने सोडून देते आणि ती अडवायला वर ढग नसतात.

आमचे मूळ घर देवगाव फाट्याचे. मंठ्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला सेलूचा रस्ता जेथे मिळतो, तो हा फाटा. पुढे वडिलांचे किराणा-कापडाचे दुकान, मागे राहते घर. आपल्या रिवाजाप्रमाणे जेवणे सूर्यास्तापूर्वी आटोपत. त्यामुळे हिवाळ्यात सहाच्या आतच चूल विझे आणि निजेपर्यंतची लांबलचक संध्याकाळ मोकळी उरे. शेजारी शेकोट्या पेटत. आमच्या आईला ते मान्य नव्हते. जाळावर झेपावणारे कीटक मरतात, असे ती म्हणे. उबेसाठी मग एकच आधार होता, तो गोधडीचा. आणि ती शिवण्याचा काळही हाच.

ओसरीवर अंथरूण घालावे तसे आजीचे जुने नऊवारी लुगडे पसरले जाई. त्यावर वडिलांची विरलेली धोतरे, कापडाच्या थानांना गुंडाळून आलेले मांजरपाट, आमचे तोकडे झालेले सदरे उसवून काढलेले तुकडे, आणि सर्वांत वर पुन्हा एक लुगडे. थर हलू नयेत म्हणून आम्हा चार भावंडांना चार कोपऱ्यांवर बसवीत. बसण्यापलीकडे काही करायचे नसल्याने ते काम आम्ही फार गांभीर्याने करीत असू. आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर पक्के करायचे, मग कडेपासून आत आत येत एकेका बोटाच्या अंतरावर धावदोरा. पाच-सहा थरांतून सुई काढताना बोट सोलवटे. आई त्यावर चिंधी बांधून घेई. नवे कापड तिला चालत नसे. त्यातली खळ सुईला अडवते आणि अंगाला टोचते. शंभरदा धुतलेले सुती वस्त्रच मऊ पडते. थरांमध्ये कोंडलेली हवा ऊब धरून ठेवते हे शास्त्र तिला कोणी शिकविले नव्हते. पुढे घरात टेरिकॉट आणि नायलॉनच्या साड्या आल्या, तेव्हा त्या गोधडीत घालून तिने एकदा पाहिल्या. थर एकमेकांवरून घसरू लागले, घाम जिरेना. ती गोधडी तिने दारातल्या पायपुसण्यासाठी फाडली.

वडिलांची रोकडवही मी लहानपणी वाचीत असे. पुढे वाणिज्य शाखा घेण्याचे बीज बहुधा तेथेच पडले. सुई-दोऱ्याचे आणे तिच्यात घरखर्चाखाली लिहिलेले असत. मदतीला येणाऱ्या बाईला दिलेली पायलीभर ज्वारीसुद्धा लिहिलेली असे. आईचे तास कोठेच नव्हते. ते असावेत असे मला तेव्हा वाटले नाही, आणि खेदाची गोष्ट अशी की पदव्युत्तर शिक्षण घेऊन बँकेत अधिकारी झाल्यावरही वाटले नाही.

1992 साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी मी एका ग्रामीण शाखेत असताना महिलांचा एक गट गोधड्या शिवून विकण्यासाठी कर्ज मागायला आला. त्यांच्या कागदावर एका गोधडीचा खर्च 60 रुपये, विक्री 250 रुपये, नफा 190 रुपये असे स्वच्छ लिहिले होते. मी विचारले, "यात मजुरी कोठे आहे?" त्यांच्यातील वयस्क बाई म्हणाल्या, "साहेब, आम्ही घरी बसूनच शिवतो, त्याची कसली मजुरी?" मी मजुरी धरली, नफ्याच्या जागी तोटा दाखविला आणि 'प्रस्ताव व्यवहार्य नाही' असा शेरा मारला. हिशेब बिनचूक होता. परंतु किंमत 250 रुपयेच का, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही आणि स्वतःलाही विचारला नाही. त्या रात्री मी आईने शिवलेली गोधडीच पांघरून झोपलो असणार.

ह्यूस्टनला असलेल्या पुतण्याकडून अलीकडे अमेरिकेतील जीज बेंड या वस्तीची माहिती मिळाली. अलाबामातील या परिसरातील गरीब कृष्णवर्णीय स्त्रिया जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. 1966 मध्ये तेथे 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था उभी राहिली, आणि 2002 मध्ये जीज बेंडच्या गोधड्या प्रथम ह्यूस्टनच्या व नंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतींवर लागल्या. वस्त्र तेच, विरलेले; पाहणारे बदलले.

या हिवाळ्यात फाट्यावर गेलो होतो. दुकान आता धाकटा पुतण्या पाहतो. पानिपतची मिंक ब्लँकेटे छतापर्यंत रचलेली आहेत आणि हातोहात खपतात. त्यात वावगे काही नाही, आपण व्यापारी माणसे. मागच्या ओसरीवर मात्र वहिनी अजून गोधडी शिवतात. सुनेने एकीचे छायाचित्र पुण्याच्या मैत्रिणीला पाठविले, तिने किंमत विचारली, आणि वहिनींनी सहज सांगितले, "सातशे सांग."

मी म्हणालो, "वहिनी, जरा थांबा." कागद घेतला. बत्तीस संध्याकाळी, वहिनींचे रोज दोन तास, सुनेचा एक. एकूण 96 तास. तासाला 50 रुपये धरून 4,800, दोरा व अस्तर 350, बेरीज 5,150.

पुतण्या हसला. "काका, एवढ्यात सहा मिंक येतील."

वहिनींनी चष्मा वर सरकवून कागद नीट वाचला. "भाऊजी, पन्नास रुपये तास कोणी ठरविला?"

"कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी डोळ्यांपुढे ठेवून," मी म्हणालो.

"कापूस वेचायला चष्मा लागत नाही. साठ लिहा."

मी आकडा खोडून दुरुस्त केला. बेरीज 6,110 झाली. सुनेने ती तशीच पुण्याला कळविली. उत्तर अद्याप आलेले नाही. ती गोधडी घडी करून कपाटात ठेवली आहे आणि ओसरीवर दुसरीचे थर अंथरून झाले आहेत.