सरीतली भाजी परत आणा

निपाणी-चिकोडी पट्ट्यात उसाची लागण झाली की बायका मागोमाग सरीत उतरायच्या. ओट्यात कोथिंबीर, मेथी, मुळ्याचं बी असायचं. वरंब्याच्या कडेनं मका आणि वरणा टोकायचा, मध्येच काकडीचा वेल सोडायचा. ऊस मोठा होईपर्यंत घरची भाजी तिथूनच निघायची. उरलेली बुट्टीतून बाजाराला जायची आणि ते पैसे बाईच्या कनवटीला राहायचे. न पेरता उगवलेला पोकळा, घोळ, पाथरी, चाकवत भांगलताना खुडून घरी यायचं, ते वेगळंच.

आज लागण झाली की फवारणीचा पंप येतो. टू-फोर-डी हे तणनाशक रुंद पानाच्या वनस्पती मारतं. ऊस गवताच्या कुळातला, म्हणून तो तगतो. पण पोकळा, घोळ, चाकवत, वरणा, मेथी ही सारी रुंद पानाचीच. औषधाच्या हिशेबात ते तण. औषध मारायचं गडी ठरवतो आणि ताटातली भाजी जाते ती बाईची. मग तीच बाई बाजारात पोकळ्याची पेंडी विकत घेते.

गावोगावी 'घरचं पिकवा, घरचं खा' म्हणत परसबागांचे उपक्रम चालतात, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, दारात शेवगा, मांडवावर दोडका, एवढ्यावरही घराचा बराच भार हलका होतो. पण आपल्याकडची भाजी मुळात शिवारातून गेली आहे. स्लॅबच्या घरांना आता परसूच उरलेलं नाही, आणि ज्या घराला जमीनच नाही त्या घरच्या बाईला दुसऱ्याच्या रानात भांगलायला गेल्यावर मिळणारी रानभाजी हाच आधार होता. म्हणून हे काम एकेका घराचं नाही. ते गटाचं आहे.

गट काय करू शकतो हे बघायला लांब जायला नको. शेजारच्या धारवाड जिल्ह्यात, कुंदगोळ तालुक्यातल्या तीर्थ या गावी बीबी फातिमा नावाचा महिलांचा बचत गट आहे. 'सहज समृद्ध' या संस्थेच्या साथीनं त्यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली, भरडधान्यं पुन्हा शेतात आणली आणि ती सडायला-भरडायला गावातच यंत्रं बसवली. २०२५ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या गटाला मिळाला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं कामही असंच, बी राखण्यापासून सुरू झालेलं. त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्याकडेही गावोगावी बचत गट आहेत. पण बहुतेक बैठका हप्ता गोळा करण्यात संपतात. त्याच बैठकीत बियाण्याचा डबा फिरायला काय हरकत आहे? वेलावरचं एक चांगलं फळ खुडायचं नाही, ते वाळू द्यायचं, बी काढून राखेत घोळून डब्यात ठेवायचं, हे साठीच्या पुढच्या प्रत्येक बाईला येतं. तिच्या सुनेला येत नाही. ही विद्या एका पिढीत हरवते, आणि तिच्याबरोबर गावचा वरणा, गावचं वांगंही.

शेतकऱ्याची बाजू मला कळते. भांगलणीला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. भावासाठी काय मोजावं लागतं हे निपाणीइतकं कुणाला ठाऊक? ६ एप्रिल १९८१ रोजी तंबाखूच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि १२ शेतकरी गेले. नगदी पीक सोडा, असं या मातीत उभं राहून कुणी सांगू नये. मी तेवढं मागतही नाही. एकरातल्या दोन सऱ्या आणि एक बांध बिनफवारणीचा ठेवा. आणि वारं त्या बाजूला वाहत असेल त्या दिवशी पंप उचलू नका. हा ठराव ग्रामसभेत गटानं मांडावा, कारण एकटी बाई घरात बोलली तर ते भांडण होतं.

खपाची चिंता नको. बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते, मग गावची भाजी गावच्या शाळेत का जाऊ नये? अक्षर दासोहच्या दुपारच्या जेवणाला भाजी लागतेच. गटानं मुख्याध्यापकांशी बोलावं.

ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर आहे. बैलं सजतील, पेरणीची लगबग असेल. त्या दिवशी देवळाच्या कट्ट्यावर एक सतरंजी अंथरा आणि प्रत्येक घरानं मूठभर बी आणून ठेवा. ज्याच्याकडे नसेल त्यानं घेऊन जावं आणि पुढच्या बेंदराला दुप्पट परत करावं.