दानाचें फल आणि अहवालाचा धर्म

वर्ष सरत आलें म्हणजे लोकोपयोगी संस्थांचे वार्षिक अहवाल घरोघर येऊं लागतात. गुळगुळीत कागद, पाहुण्यांचे सत्कार, दीपप्रज्वलनाचीं छायाचित्रें आणि शेवटीं जमाखर्चाचा ताळेबंद, असा त्यांचा ठराविक थाट असतो. अमुक इतकीं शिबिरें भरविलीं, तमुक इतक्या वह्या वाटल्या, इतक्या हजार लोकांनीं लाभ घेतला, हें सर्व त्यांत असतें. परंतु घरांतील एखाद्या सुनेनें तो अहवाल वाचून "मग पुढें काय झालें?" असें विचारलें, तर त्याचें उत्तर त्यांत बहुधा सांपडत नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांतून दरसाल जो धर्मादाय निघतो, त्याचा विनियोग याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असला पाहिजे; म्हणून या वेळीं त्याचाच थोडा विचार करूं.

व्यय, कृति आणि फल या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वह्यांना पडलेले पैसे हा व्यय. वह्या वाटणें ही कृति. आणि मुलाला लिहितां येऊं लागलें, तर तें फल. पहिल्या दोहोंची मोजदाद सोपी, म्हणून अहवालांत त्यांचीच गर्दी होते. ज्यासाठीं संस्था निघाली, तें तिसरें मात्र गृहीत धरलें जातें.

यावर कोणी म्हणेल कीं, गीतेनें फलाची आशा सोडावयास सांगितलें असतां हा फलाचा हिशेब कशाला? फलाशा सोडणें म्हणजे आपल्या श्रेयाचा लोभ सोडणें. औषध देणाऱ्या वैद्यानें रोगी बरा झाला कीं नाहीं हें पाहूंच नये, असा त्याचा अर्थ करणें म्हणजे आळसाला तत्त्वज्ञानाचें वस्त्र पांघरणें होय. दान देतांना देश, काल व पात्र पाहावें, असेंही गीतेंतच सांगितलें आहे. आणि संस्थेची पात्रता तिच्या कार्याच्या फलावरून नाहीं, तर कशावरून पारखावयाची?

फल कसें मोजावें, याचें उत्तम उदाहरण महाराष्ट्रांतच घडलें आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या दांपत्यानें सन १९८६ मध्यें गडचिरोली येथें 'सर्च' ही संस्था स्थापिली. त्या भागांत नवजात बालकें फार दगावत. जन्मापासून २८ दिवसांच्या आंत गेलेल्या मुलाची नोंद होणें मोठें कठीण. ज्याचें बारसें झालें नाहीं, त्याला नांव नाहीं. आणि ज्याला नांव नाहीं, त्याचा मृत्यु कोणत्या वहींत लिहावा? आईच्या अश्रूंखेरीज त्या जीवाचा दुसरा पुरावा उरत नसे. म्हणून संस्थेनें मोजणीपासूनच आरंभ केला. गांवोगांव जन्म-मृत्यूंची नोंद ठेवल्यावर, सन १९९३ ते १९९५ या काळांत, जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांमागें ६२ बालकें पहिला महिनाही पुरा करीत नाहींत, असें दिसून आलें.

त्यानंतर ३९ गांवांत गांवच्याच स्त्रियांना शिकवून 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलें. बाळंतिणीच्या घरीं जाऊन बाळाला ऊब देणें, अंगावर पाजण्यास साह्य करणें, वजन घेणें, श्वास अडल्यास उपाय करणें आणि जंतुदोषाचीं लक्षणें ओळखून औषध टोंचणें, हीं कामें त्या करूं लागल्या. तुलनेसाठीं निवडलेल्या दुसऱ्या ४७ गांवांत केवळ नेहमींची सरकारी व्यवस्था होती. पण मोजणी तेथेंही झाली. तिसऱ्या वर्षीं, म्हणजे १९९७-९८ सालीं, पहिल्या गांवांतील आंकडा ६२ वरून २५.५ वर उतरला. दुसऱ्या गांवांत तो साठीच्या आसपासच राहिला.

ज्यांनीं न्यायशास्त्राचीं चार पानें चाळलीं आहेत, त्यांना येथें अन्वय आणि व्यतिरेक आठवतील. कारण असतां कार्य असणें हा अन्वय. कारण नसतां कार्य नसणें हा व्यतिरेक. दोन्ही जुळले म्हणजे कार्यकारणभावाचा निश्चय होतो. तीं ४७ गांवें मोजलीं नसतीं, तर कोणीही म्हणूं शकला असता कीं, पाऊसपाणी बरें झालें, रस्ते आले, काळच पालटला, म्हणून मुलें वांचलीं. कावळा बसला आणि ताडाचें फळ पडलें, एवढ्यावरून कावळ्याला श्रेय देणाऱ्या अहवालांचीच आपल्याकडे रेलचेल आहे.

या प्रयोगाचा वृत्तान्त सन १९९९ मध्यें लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. दर बालकामागें सुमारें ५.३ डॉलर खर्च आला आणि १८ बालकांच्या शुश्रूषेमागें एक मृत्यु टळला, असा हिशेबही त्यांत दिला होता. दात्याला आपल्या पैशाचें काय झालें, हें याहून स्पष्ट कसें सांगावें? पुढें सन २०११ मध्यें केंद्र सरकारनें 'आशा' कार्यकर्त्यांकरवीं नवजात बालकांची घरींच काळजी घेण्याची योजना देशभर हातीं घेतली. नीट मोजलेलें काम असें गांवाची वेस ओलांडून जातें.

मोजण्याइतकेंच सांगणेंही महत्त्वाचें आहे. विद्वानांपुढें कोष्टकें मांडावीं. परंतु सामान्य गृहस्थाच्या अंतःकरणास कोष्टक स्पर्श करीत नाहीं. सन २००१ मध्यें राज्यांतील अनेक संस्थांनीं मिळून बालमृत्यूंचा अहवाल काढला. सरकारी दफ्तरांतील नोंदींहून प्रत्यक्ष मृत्यु कितीतरी अधिक आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या अहवालाचें नांव 'कोवळी पानगळ'. त्या दोन शब्दांनीं जें केलें, तें नुसत्या 'बालमृत्युदर' या शब्दानें झालें नसतें. मात्र शब्दाच्या पाठीशीं खरा आंकडा होता, हें विसरूं नये. एरव्हीं एखाद्या अनाथ मुलाचें केविलवाणें चित्र छापून डोळ्यांस पाणी आणणें मुळींच अवघड नाहीं. त्यांत त्या मुलाचा मान मात्र जातो.

आंकड्यालाही एक दोष चिकटलेला आहे. शाळेचा निकाल शेंकडा शंभर लावावयाचा, तर कच्च्या मुलांना परीक्षेलाच बसूं देऊं नये, ही युक्ति शिक्षकवर्गास चांगलीच ठाऊक आहे. निकाल उत्तम लागतो आणि ज्याला शाळेची सर्वांत अधिक गरज, तोच दाराबाहेर राहतो. संस्थाही याच मोहांत सांपडतात. शिवाय कांहीं फलें मोजमापांत येतच नाहींत. वृद्धाश्रमांतील एखाद्या आजीबाईचा हात हातीं घेऊन बसणाऱ्या सेविकेचें काम कोणत्या रकान्यांत घालावें? तेथें खोटा आंकडा बनविण्यापेक्षां जें घडलें तें सरळ शब्दांत लिहावें.

म्हणून यापुढें पावती-पुस्तक घेऊन कोणी दारीं आला, तर त्याला आदरानें बसवून चार गोष्टी विचाराव्या. कामापूर्वीं काय स्थिति होती आणि आतां काय आहे? जेथें तुमचें काम नाहीं, तेथें काय घडलें? मोजणी कोणी केली आणि तिचा पडताळा कोणी घेतला? आणि यंदा काय साधलें नाहीं? पहिल्या तिहींचें उत्तर देण्यास लहान संस्थेजवळ साधनें नसतील, तर तिला दोष देऊं नये; परंतु चौथ्याचें उत्तर देण्यास पैसा लागत नाहीं. जी संस्था आपलें अपयश स्वतःच्या अहवालांत छापते, तिच्या यशाच्या आंकड्यावरही विश्वास ठेवावा आणि तिच्या पावतीवर घरांतील लहान मुलाच्या हातानें रक्कम लिहवावी. दान कसें द्यावें, हेंही त्यानें घरींच शिकावयाचें आहे.