परदेशातून जुनी गाडी : शौक म्हणा, धंदा म्हणू नका

फैजपूरचा एक तरुण मिस्त्री गेल्या महिन्यात आमच्याकडे कागदांची पिशवी घेऊन आला. पिशवीत एका जपानी गाडीचे फोटो, दलालाचे पत्र आणि वहीच्या पानावर पेन्सिलीने मांडलेला हिशेब होता. "चाचा, कायदा आता मोकळा झाला. गाडी जपानात आहे, मालक द्यायला राजी आहे. अब्बा सावद्याकडचा प्लॉट विकायला तयार झाले. तुम्ही एवढा हिशेब नजरेखालून घाला," तो म्हणाला. हिशेब आम्ही दोनदा वाचला. असेच हिशेब सध्या आणखी काही घरांत चालू असतील, म्हणून त्यावरचे आमचे मत या पानावर देत आहोत.

गाडी आहे सुझुकी फ्रॉन्टे, 1968 सालची. लांबी तीन मीटरच्या आत. इंजिन 356 सीसीचे, तीन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक, हवेने थंड होणारे आणि तेही मागच्या बाजूला. महायुद्धानंतर जपान सरकारने अगदी छोट्या गाड्यांचा 'केई' नावाचा वेगळा वर्ग केला आणि त्यावर कर कमी ठेवला. 1976 पर्यंत या वर्गाला इंजिनाची मर्यादा 360 सीसीची होती. होरपळून निघालेल्या देशातले साधे कुटुंब या गाड्यांमुळे स्कूटरवरून चारचाकीत आले. डिसेंबर 1983 मध्ये आपल्याकडे आलेली मारुती 800 हीसुद्धा याच घराण्यातली. तिलाही तीन सिलिंडर, फक्त इंजिन 796 सीसीचे, फोर-स्ट्रोक आणि पुढे बसवलेले. ज्या मुलाचे हात पंधरा वर्षे मारुतीच्या इंजिनात आहेत, त्याला मारुतीच्या आजोबाचे वेड लागावे यात नवल नाही. वेडाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती पेन्सिलीच्या हिशेबाबद्दल.

आधी कायदा. पूर्वी 1 जानेवारी 1950 च्या आधी बनलेली गाडीच 'व्हिन्टेज' म्हणून परवान्याशिवाय आणता येत असे. नेहमीची वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नव्हती. म्हणजे 1950 नंतरच्या सगळ्या छोट्या गाड्या, इंग्लंडची 1959 ची मिनी, इटलीची 1957 ची फिएट 500, जपानच्या या केई गाड्या, कुठल्याच दारातून आत येत नव्हत्या. 2025 साली केंद्र सरकारने ही मर्यादा बदलली आणि पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला दार उघडले. आता दरवर्षी एकेक साल पुढे सरकत जाते. हे चांगलेच झाले.

पण बंदरातून गाडी सुटणे वेगळे आणि तिला नंबर मिळून ती रस्त्यावर येणे वेगळे. व्हिन्टेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम जुलै 2021 मध्ये आले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, नोंदणी दहा वर्षांची, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. परदेशातून आलेल्या गाडीला कस्टमचे बिल ऑफ एन्ट्री जोडावे लागते. इथपर्यंत आमच्या मिस्त्रीने बरोबर लिहिले होते. त्याच नियमांतल्या पुढच्या दोन गोष्टी मात्र त्याच्या कागदावर नव्हत्या, आणि सगळा हिशेब त्या दोन गोष्टींवरच कोसळतो.

पहिली गोष्ट अशी की 'व्हीए' नंबरची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी असा नियम आहे. आमच्या मिस्त्रीने जमेच्या बाजूला लिहिले होते : लग्नाच्या वरातीला भाडे, महिन्याला इतके, शादीच्या सीझनला इतके. ही ओळ पूर्णच खोडावी लागते. वरातीच्या भाड्यावर गाडीची किंमत फिटेल असे ज्यांनी मनात धरले आहे, त्यांनी हा नियम दोनदा वाचावा. वाटेत काही घडले आणि विमा कंपनीने वापराचे कारण विचारले, तर उत्तर काय देणार?

दुसरी गोष्ट याहून अवघड. चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेली गाडी या नियमाने व्हिन्टेज राहत नाही. आमच्या मिस्त्रीचा बेत असा होता की जुने टू-स्ट्रोक इंजिन बिघडलेच, तर मारुतीचे इंजिन बसवून टाकू. खानदेशात हे काम डोळे मिटून करणारे उस्ताद आहेत, आम्ही ते पाहिले आहे. पण फ्रॉन्टेत मारुतीचे इंजिन बसले की ती फ्रॉन्टेही राहत नाही आणि मारुतीही होत नाही. 'व्हीए' नंबरावरचा हक्क जातो आणि घरातल्या प्लॉटच्या बदल्यात दारात पत्र्याचा डबा उभा राहतो. याचा अर्थ, इंजिन तेच ठेवून दुरुस्त करावे लागणार. राजदूत आणि जुन्या बजाज स्कूटरवर हात बसलेल्याला टू-स्ट्रोक नवे नाही. पण क्रँकचे ऑइल सील आणि त्या मापाचे रिंग-पिस्टन जळगावच्या दुकानात मिळणार नाहीत. तेही जपानातूनच मागवावे लागतील आणि त्यांच्यावरही कस्टम भरावे लागेल.

आता पैसा. समजा, गाडी तिथे 4 लाख रुपयांना पडली. जहाजभाडे आणि विमा धरून बंदरात येईपर्यंत साडेपाच लाख झाले. आयात कर या साडेपाच लाखांवर लागतो, नुसत्या चार लाखांवर नाही. जुन्या गाडीवर सगळे कर मिळून ही रक्कम मूळ रकमेपेक्षाही जास्त होते. म्हणजे अकरा लाखांच्या आत गाडी बंदराबाहेर पडत नाही. त्यातही दलालाच्या बिलावरचा आकडा कस्टमवाले मान्य करतीलच असे नाही. जुन्या मालाची किंमत ते आपल्या पद्धतीने ठरवतात. कागदात खोट निघाली तर डॅमरेज दिवसागणिक चढते. फैजपूर, सावदा, रावेरच्या केळीवाल्यांना हे नव्याने सांगायला नको. आखाताकडे जाणारा केळीचा कंटेनर न्हावाशेवाला अडकला की काय होते, हे त्यांना ठाऊक आहे. ज्याला गाडी आणायचीच असेल त्याने दलालाच्या आधी अशा एखाद्या केळी निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे जाऊन बसावे. त्याचा क्लिअरिंग एजंट जे दहा मिनिटांत सांगेल, ते दलाल वर्षभरात सांगणार नाही.

गाडी शोधताना पत्रा बघावा, रंग बघू नये. पन्नास वर्षांच्या गाडीचा खरा शत्रू गंज असतो आणि तो फोटोत दिसत नाही. बर्फाच्या मुलखात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून पत्रा खाते. वर चकाचक रंग आणि खाली चाळणी, अशी गाडी विकणारे जपानातही आहेत आणि इंग्लंडातही. म्हणून खालच्या बाजूचे फोटो, चेसिस नंबरचा जवळून काढलेला फोटो आणि मालकीचा कागद हातात आल्याशिवाय एक पैसाही आगाऊ पाठवू नये. कागदावरचा आणि गाडीवरचा चेसिस नंबर एकच असायला हवा. इथे आरटीओत सगळे त्यावरच अडते. इटली-जर्मनीकडच्या छोट्या गाड्यांचे स्टिअरिंग बहुधा डावीकडे असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 120 प्रमाणे अशा गाडीला चालू अवस्थेतला सिग्नल देणारा दिवा किंवा यंत्र लागते. जपान आणि इंग्लंडच्या गाड्यांना तो त्रास नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कोणाला राग आला तरी चालेल. या कामासाठी व्याजी कर्ज काढू नये. शरीअतचा प्रश्न तर आहेच, पण नुसत्या व्यापारी नजरेने पाहिले तरी जी वस्तू कमावू शकत नाही तिच्यावर चढणारे व्याज शेवटी घर विकून फेडावे लागते. बहिणीच्या लग्नाची जमा, वडिलांचा प्लॉट, भावाच्या कॉलेजची फी, हे शौकाचे भांडवल नव्हे. स्वतःच्या कमाईतून उरलेला पैसा असेल आणि जकात देऊन झाली असेल, तर शौकाला कोण अडवतो?

मग त्या मुलाने करावे काय? आमच्या मते त्याच्या पिशवीतला सर्वांत मोलाचा कागद त्याने आणलाच नव्हता. तो म्हणजे त्याचे स्वतःचे काम. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यातून निघालेली फिएट 1100, जी पुढे पद्मिनी या नावाने विकली गेली, मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड, या गाड्या आपल्या भागात अजून वखारीत, केळीच्या गोदामामागे, ताडपत्रीखाली पडून आहेत. 1975 आधीच्या फिएट आजच पन्नास ओलांडून गेल्या. त्यांना ना जहाजभाडे, ना कस्टम. जुने पुस्तक शाबूत असले तर नोंदणीही सोपी. बरेचसे सामान कुर्ल्यात किंवा चोरबाजारात खटपट केली तर मिळते. कमी आहे ती पत्राकाम मूळ आकारात करणाऱ्या हातांची. पुट्टी भरून वर रंग मारणारे पुष्कळ आहेत. सडलेला पत्रा कापून, नवा ठोकून, मूळ वळण पुन्हा आणणारे थोडे. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी परदेशातून गाड्या खुशाल आणाव्यात. उद्या त्यांनाही हाच कारागीर शोधत यावे लागेल, मजुरी तो सांगेल ती. आणि पहिल्या वर्षाची मारुती 800 डिसेंबर 2033 मध्ये पन्नास वर्षांची होते. आज ती भंगारवाला किलोच्या भावाने नेतो. ज्याच्या दारात तशी गाडी पुस्तकासकट असेल त्याने थोडा दम धरावा.

हे सगळे सांगितल्यावर मिस्त्री बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चाचा, रावेरला एका शेटजींकडे त्यांच्या वडिलांची फिएट आहे. दोनदा निरोप आला, मीच गेलो नाही. जुने खटारे वाटले." पुढच्या जुम्म्याच्या नमाजनंतर ती बघायला जायचे त्याने कबूल केले आहे. जपानच्या फोटोंची पिशवी तो परत घेऊन गेला. दलालाला आगाऊ रक्कम मात्र अजून गेलेली नाही.