परके भिंग, आपला डोळा

रायपूरच्या पंडरीतील कापड मार्केटमध्ये रंगाची छटा ओळखता आली पाहिजे. मोतीबिंदू वाढला की नेमका तोच फरक पुसट होतो. त्यावर इलाज एकच, शस्त्रक्रिया करून कृत्रिम भिंग बसवणे. तरीही वडीलधाऱ्यांना शंका छळते. पायात काटा मोडला तर तो पिकतो; मग डोळ्याला परकी वस्तू कशी मानवेल?

याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात सापडले. जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या ॲक्रिलिक छताच्या कपच्या शिरल्या होत्या. डोळ्याने त्यांना फारसा विरोध केला नाही, हे लंडनच्या डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी हेरले. १९४९ मध्ये त्यांनी त्याच जातीच्या पदार्थाचे भिंग बसवले.

शस्त्रक्रियेनंतर आत थोडी सूज येतेच. थेंब नेमाने घातले की ती बहुधा काही आठवड्यांत ओसरते. काहींना महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसते. भिंग ज्या नैसर्गिक पिशवीत बसवतात, तिच्यात उरलेल्या पेशी वाढल्याने असे होते. हा मोतीबिंदू परतलेला नसतो. लेसरने काही मिनिटांत वाट मोकळी होते.

मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत वेदना, लाली वाढली, नजर मंदावली तर जंतुसंसर्गाचा धोका असतो. २०११ मध्ये छत्तीसगडमधीलच बालोदच्या शिबिरानंतर संसर्गाने अनेकांची दृष्टी गेली. म्हणून अशा वेळी ‘उद्या पाहू’ म्हणू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.